कूर्बेला गोळ्या घातल्या नव्हत्या: माझ्या जुन्या पोस्टची दुरुस्ती

फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बेवर मी लिहिलेली जुनी पोस्ट सध्या पुन्हा फिरते आहे. 'पॅरिस कम्यूनच्या (1871 मध्ये पॅरिसमध्ये काही काळ सत्तेवर आलेल्या क्रांतिकारी सरकारच्या) काळात त्याने व्हाँदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडला आणि त्याबद्दल त्याला गोळ्या घालण्यात आल्या,' असं त्यात आहे. दोन्ही विधानं चुकीची आहेत. चूक माझीच, त्याबद्दल माफी मागतो.

तारखा एकापुढे एक मांडल्यावर चूक लक्षात आली. स्तंभ उतरवावा अशी सूचना कूर्बेने सप्टेंबर 1870 मध्ये केली होती, हे खरं. पण तो पाडायचा ठराव कम्यूनने 12 एप्रिल 1871 ला केला आणि कूर्बे कम्यूनवर निवडून आला तो त्यानंतर, 16 एप्रिलला. स्तंभ कोसळला 16 मे रोजी.

तरीही कम्यून मोडल्यावर याच प्रकरणात त्याला सहा महिने कैद आणि 500 फ्रँक दंड झाला. सेंत-पेलाजीच्या तुरुंगातल्या दिवसांची आठवण देणारी त्याची फळांची चित्रं आजही आहेत. खरा घाव पुढे बसला. स्तंभ पुन्हा उभारायचा खर्च, तीन लाख फ्रँकांहून जास्त, त्याच्या एकट्याच्या माथी मारला गेला. 1873 मध्ये तो स्वित्झर्लंडला निघून गेला. वर्षाला 10,000 फ्रँकचा हप्ता ठरला, पण पहिला हप्ता भरण्याआधीच, 31 डिसेंबर 1877 ला, तिथेच आजारपणात त्याचा मृत्यू झाला. मला हे गोळ्यांपेक्षाही क्रूर वाटतं.

कृपया जुनी पोस्ट पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवली असेल, त्यांना ही दुरुस्ती जरूर पाठवा.