‘निम्म्या वेगाची एसएसडी बसवली’ या आपल्या अभिप्रायास दुकानाकडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि उत्तर लिहिण्याआधी आपल्या लॅपटॉपची जॉबशीट (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) काढून समोर ठेवली. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: खोक्यावर सेकंदाला 550 एमबी वेग छापलेली एसएसडी (हार्ड डिस्कचेच काम करणारी, पण फिरता भाग नसलेली डिस्क) प्रत्यक्षात निम्म्याच वेगाने चालते, त्यामुळे माल बनावट असावा, 256 जीबीचे पैसे घेऊन 238 जीबीच मिळाले, लॅपटॉप चटकन सुरू होतो, पण मधूनच अर्धा-अर्धा मिनिट अडकून बसतो, फोटोंच्या एका फोल्डरमधील बऱ्याच फाइली उघडत नाहीत, आणि एका दिवसाचे काम सांगून चार दिवस लावले. पहिल्या दोन मुद्द्यांवर माझे म्हणणे वेगळे आहे. तिसरा आणि चौथा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्या दोन्हींचे मूळ एकच असून चूक आमची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपला लॅपटॉप लेनोवोचा थिंकपॅड एक्स230 आहे. साडेबारा इंची पडद्याच्या, 2012 साली आलेल्या या मॉडेलमध्ये एसएसडी दोन जागी बसू शकते. एक म्हणजे हार्ड डिस्कचा मूळ कप्पा. त्यात अडीच इंची आणि 7 मिलिमीटर जाडीची डिस्क बसते. दुसरी जागा म्हणजे कीबोर्ड काढल्यावर आत दिसणारा छोटा स्लॉट, जो मुळात मोबाइल इंटरनेटच्या कार्डासाठी ठेवलेला आहे आणि ज्यात एमसाटा प्रकारची, म्हणजे लहान कार्डाच्या आकाराची, एसएसडीही चालते. जुनी 320 जीबीची हार्ड डिस्क आतच राहू द्यावी आणि विंडोज तेवढे एसएसडीवर घ्यावे, अशी आपली इच्छा जॉबशीटवर नोंदलेली आहे. त्यानुसार आम्ही एमसाटा एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरील मजकूर तिच्यावर क्लोन केला, म्हणजे जसाच्या तसा उतरवला, आणि जुनी डिस्क मूळ कप्प्यात परत ठेवली.

इथे आमचे चुकले. क्लोनिंग सुरू असताना जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झाल्याने वाचता न येणारे भाग, सापडले होते. एरवी दीड-दोन तासांत संपणारे काम रात्रभर चालले, ते याच कारणाने: न वाचता येणाऱ्या जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तोवर पुढचे सगळे खोळंबते. शेवटी 23 फाइली वाचता आल्या नाहीत. त्यांची यादी प्रोग्रामने तयार केली, आमच्या दुकानातल्या मुलाने ती छापून जॉबशीटला टाचली, आणि तरीही फोनवर आपल्याला ‘सगळा डेटा आला आहे’ असे सांगितले. यादी आजही त्याच जागी टाचलेली आहे. आपण उल्लेखिलेले फोल्डर तिच्यात आहे. ग्राहकाच्या खासगी फाइलींची नावे चारचौघांत लिहिणे योग्य नसल्यामुळे ती इथे देत नाही, पण आपण म्हणता ते खरे आहे, हे इथेच मान्य करतो.

याहून मोठी चूक माझी स्वतःची आहे. डिस्क खराब होत चालली आहे हे कळल्यावर ती परत आत बसवायलाच नको होती. आपण तसे सांगितले होते हे खरे असले, तरी ते डिस्क धडधाकट आहे असे समजून सांगितले होते, आणि ती तशी नाही हे त्या वेळी फक्त आम्हाला ठाऊक होते. आता विंडोज एसएसडीवरून चालते खरे, परंतु फोल्डर उघडताना किंवा फाइल शोधताना विंडोज जुन्या डिस्कलाही हात लावते. ती एखाद्या खराब सेक्टरवर अडली की तिचे उत्तर येईपर्यंत खिडकी गोठून राहते. आपल्याला जाणवणारा अर्ध्या मिनिटाचा खोळंबा बहुधा हाच असावा. एसएसडीच्या बिघाडाची शक्यता मला कमी वाटते, तरी तीही आपल्यासमोरच तपासून घेऊ.

आता वेगाविषयी. एक्स230च्या मूळ कप्प्यातील जोडणी सेकंदाला 6 गिगाबिटची आहे, तर एमसाटा स्लॉटची 3 गिगाबिटची. या प्रकारच्या (साटा) जोडणीवर प्रत्येक बाइटमागे दहा बिट पाठवावे लागतात, त्यामुळे 3 गिगाबिटच्या जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला 300 एमबी इतकीच राहते, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी मिळते. आपण टाकलेल्या चित्रात 268 हा आकडा दिसतो. बनावट एसएसडी सहसा अडखळत, वेग खालीवर होत चालते. आपला आकडा मात्र त्या स्लॉटकडून जेवढी अपेक्षा करावी तेवढाच आहे. खोक्यावरचा 550 हा आकडा 6 गिगाबिटच्या जोडणीवर मोजलेला असतो. तो या स्लॉटमध्ये मिळणार नाही, हे पैसे घेण्याआधी आपल्याला सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही, आणि खोके हातात घेऊन घरी गेलेल्या माणसाला शंका आली तर त्यात त्याचा दोष नाही.

रोजच्या वापरात या फरकाने फारसे बिघडत नाही, एवढे मात्र नमूद करतो. हार्ड डिस्क मंद वाटते ती मोठी फाइल वाचताना नव्हे, तर हजारो लहान फाइली इकडून-तिकडून गोळा करताना. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी 8.3 मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या सुईखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद थांबावे लागते, आणि सुई हलवण्याचा वेळ त्यावर वेगळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हेच काम साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होते. लॅपटॉप चटकन सुरू होतो असे आपणही लिहिले आहे, ते यामुळेच. आणि त्या कामात 3 की 6 गिगाबिट याला फार महत्त्व उरत नाही.

238 जीबीचा मुद्दा मात्र निव्वळ मोजमापाचा आहे. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात; विंडोज 1024च्या पटीत मोजते आणि तरीही जीबी हेच नाव लावते. 256 अब्ज बाइटांना त्या हिशोबाने भागले की 238 येतात. आपल्या जुन्या 320 जीबीच्या डिस्कवरही 298च दिसत असत. बहुधा तिकडे कधी लक्ष गेले नसावे. यात आम्ही काही कापून घेतलेले नाही.

उशिराबद्दल थोडक्यात: एमसाटा एसएसडी आता साताऱ्यात सहसा कोणाकडे पडून नसते. आम्ही ती मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवली आणि त्यात दोन दिवस गेले. तिसरा दिवस क्लोनिंगने खाल्ला. मागवावी लागेल हे माहीत असताना काउंटरवर ‘उद्या या’ म्हणून सांगणे ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, आणि तिचे समर्थन मी करणार नाही.

यावर उपाय म्हणून माझे म्हणणे असे आहे. एमसाटा एसएसडी आम्ही पूर्ण किमतीला परत घेऊ आणि तिच्याऐवजी तेवढ्याच क्षमतेची अडीच इंची, 7 मिलिमीटरची एसएसडी मूळ कप्प्यात बसवून देऊ; किमतीत फरक निघाला तर तो आमच्याकडे. त्या कप्प्यात आपल्याला 6 गिगाबिटची जोडणीही मिळेल. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज 11च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. उद्या आपण लॅपटॉप बदललात, तर अडीच इंची एसएसडी साध्या यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते, एमसाटासाठी मात्र वेगळे अडॅप्टर शोधत बसावे लागते. खरे तर पहिल्याच दिवशी आपल्याला हाच सल्ला द्यायला हवा होता. मजुरीचे 800 रुपये आम्ही परत करू.

राहिला प्रश्न त्या 23 फाइलींचा. त्या मिळतीलच असे आश्वासन मी देत नाही. खराब डिस्कवरून सेक्टर-सेक्टर वाचून काढणाऱ्या प्रोग्रामने, आधी चांगला भाग आणि मग अडणारा भाग अशा क्रमाने, पुन्हा प्रयत्न करू. त्याचे पैसे घेणार नाही. डिस्क उघडून दुरुस्त करण्याची वेळ आली, तर ते काम आमच्या दुकानात होणारे नाही आणि त्याचा खर्च मोठा असतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचा निर्णय आपणच करावा.

तोपर्यंत एक विनंती आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून आपण ‘डिस्क चेक’ चालवून पाहणार आहात, असे अभिप्रायाच्या शेवटी लिहिले आहे. कृपया ते करू नये. ही तपासणी फाइल-व्यवस्था नीट करण्यासाठी डिस्कवर बदल लिहिते आणि पूर्ण तपासणीत प्रत्येक सेक्टर वाचायला लावते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला हे दोन्ही सोसत नाही. लॅपटॉप बंदच ठेवावा आणि जमेल तेव्हा चार्जरसह दुकानात आणावा. रविवारी दुकान बंद असते. इतर दिवशी सकाळी साडेदहानंतर मी स्वतः असतो, आणि या वेळी काम आपल्यासमोर, यादी आपल्या हातात देऊनच सुरू करू.

आपला,
दुकानमालक