खुलासा: मोन्टानातल्या ओढ्यांतले ‘विष’

“ट्राउट वाचवायच्या नावाखाली मोन्टानातले ओढे कायमचे विषारी केले, संकरित मासे ठिपके बघून गळाने काढता आले असते,” हा अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यातल्या ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशांबद्दलचा मजकूर फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

बाहेरून आणून सोडलेल्या रेनबो ट्राउटशी स्थानिक वेस्टस्लोप कटथ्रोटचा संकर होतो आणि ती पिल्लेही पुढे वीण घालतात. कटथ्रोटच्या गळ्याखालचा लालसर पट्टा संकरितातही दिसतो. म्हणून नुसते बघून भागत नाही; खात्री पटते ती माशाच्या पराचा छोटा तुकडा कापून केलेल्या डीएनए तपासणीनेच. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रेनबोचा अंश 20 टक्के असलेल्या माशांचे प्रजननातले यश जवळपास निम्म्याने घटलेले आढळले.

हे संकरित मासे मारायला ओढ्यात सोडतात ते ‘विष’ म्हणजे रोटेनोन; ते काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळते. ते कल्ल्यांवाटे शिरून पेशींचे श्वसन रोखते. ऊन आणि उबदार पाण्यात ते लवकर विघटते, थंड पाण्यात रेंगाळते. म्हणून खालच्या टोकाला ते निष्प्रभ करणारे पोटॅशियम परमँगनेट सोडतात आणि त्याच्याही खाली पिंजऱ्यात मासे ठेवून ते जगतात का पाहतात. पाणकिडे मरतात, हे मान्यच करायला हवे. बरेचसे वरच्या प्रवाहातून वाहत किंवा उडत परततात.

काम फसते ते झऱ्यांच्या तोंडाशी. तिथल्या ताज्या पाण्यात चार रेनबो तगले तरी संकर पुन्हा सुरू होतो. शिवाय खाली धबधबा किंवा बांधाचा अडथळा नसेल, तर रेनबो पुन्हा वर येतात; अशा ठिकाणी रोटेनोन टाकूच नये.