अप्पांच्या कॉम्प्युटरला झालेले पाच व्हायरस

दिवाळीला कराडला गेले होते. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच अप्पा म्हणाले, "कॉम्प्युटरकडे बघ गं जरा. पाच व्हायरस झालेत त्याला." पाच पाहुणे आलेत, त्यांच्या अंथरुणाचं बघ, अशा सुरात.

बटण दाबलं. डेस्कटॉप नीट दिसेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात एकापाठोपाठ एक चौकटी यायला लागल्या. लाल ढाल, उद्गारचिन्हं, पाच व्हायरस सापडले, लगेच पैसे भरा, वगैरे. पण नीट बघितलं तर प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात कुठल्यातरी भलत्याच वेबसाइटचा पत्ता आणि बाजूला क्रोमचं गोल चिन्ह. म्हणजे हा निरोप अँटिव्हायरसचा नव्हताच. अप्पांनी कधीतरी मॅचचा स्कोर बघताना समोर आलेल्या 'सूचना पाठवू का?' या प्रश्नाला 'अलाउ' म्हणून टाकलं, आणि तेव्हापासून ती साइट त्यांना रोज घाबरवत होती.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या खाली साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी तिथे असते. अप्पांच्या यादीत एकतीस निघाल्या. सगळ्या उडवल्या, पाचही व्हायरस बरे झाले.

पण या पाच व्हायरसपायी अप्पांनी आधीच दुकानातल्या मुलाला घरी बोलावलं होतं. त्याने काय केलं? मुदत संपत आलेला अँटिव्हायरस होता, तो तसाच ठेवून वर दुसरा टाकला. कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं म्हणून आणखी एक काहीतरी टाकलं. आणि 'नेट खातात' म्हणून विंडोजचे अपडेट बंद केले. अठराशे रुपये. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्ये उभा राहून ती तपासतो. दोघं असले की एकाने हात लावलेली फाइल दुसरा पुन्हा तपासायला घेतो, शिवाय एकमेकांच्या वागण्याचा संशय येतो तो वेगळाच. अप्पांचा कॉम्प्युटर चालत नव्हता, कारण तो दिवसभर स्वतःचीच झडती घेत होता.

माझं मत सांगते, पटत नसेल तर खाली भांडा. विंडोज असलेल्या घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस लागत नाही. त्यातच असलेला डिफेंडर पुरतो.

एक काळ होता, तेव्हा मी हे म्हटलं नसतं. २००७-०८ च्या सुमाराला सायबर कॅफेत पेनड्राइव्ह लावला की हमखास काहीतरी घेऊनच घरी यायचा. 'न्यू फोल्डर' नावाचा पिवळा फोल्डर दिसायचा, प्रत्यक्षात तो फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्राम असायचा. डबल क्लिक केलं की संपलं. कधी तेवढीही गरज नसायची, पेनड्राइव्हवर ऑटोरनची, म्हणजे लावताक्षणी आपोआप चालणारी, फाइल असायची. तेव्हा आम्ही दरवर्षी क्विक हील या अँटिव्हायरसचा डबा घ्यायचो, आणि त्यात थोडा अभिमानही होता, कारण तो काढणारे कैलास काटकर आमच्या साताऱ्याकडचे, रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या भावाने, संजयने, व्हायरस काढायचे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून कंपनी उभी राहिली. त्या डब्याने आमचे प्रोजेक्ट वाचवलेत, ते मी विसरलेले नाही.

पण पुढे मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचं ते आपोआप चालणं बंद केलं, २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही. आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सोबतच यायला लागला. फुकट म्हणजे लेचापेचा असणार, असं आपल्याला वाटतं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था सगळ्यांची परीक्षा घेतात, त्यात तो गेली काही वर्षं चांगल्या गुणांनी पास होतोय. उलट बाहेरच्या फुकट अँटिव्हायरसबद्दल मला जास्त शंका येते. अव्हास्टने वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा तपशील विकला म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आली. राखणदारानेच घरातल्या गोष्टी बाजारात सांगितल्या.

आता माझी स्वतःची फजिती, कारण नुसती दुसऱ्यांना नावं ठेवणं बरं नाही. २०१९ मध्ये मला पीडीएफ दुरुस्त करायचं एक सॉफ्टवेअर हवं होतं आणि पैसे द्यायचे नव्हते. क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी प्रत, मिळालं. सोबतच्या सूचनांमधली पहिलीच ओळ, 'अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो.' केला बंद! थोड्या वेळाने विंडोज अपडेटची खिडकी दिसली, टक्के पुढे सरकत होते, मी कुकर लावायला गेले. ती खिडकी खोटी होती. तिच्या आड एकेक फाइल कुलूपबंद होत होती. परत आले तेव्हा प्रत्येक फोटोच्या नावाला नवीनच शेपूट, आणि फोल्डरोफोल्डरी एक रीडमी फाइल: किल्ली ९८० डॉलर, बहात्तर तासांत संपर्क केलात तर निम्म्यात, ४९०. सवलत! जणू दिवाळीचा सेल.

पैसे दिले नाहीत. युरोपातल्या पोलिसांच्या पुढाकाराची 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट आहे, तिथे काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. माझ्या प्रकारची मिळाली नाही. आईच्या लोणच्यांच्या, पापडांच्या मापांची वही मी टाइप करून ठेवली होती, ती गेली. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण कायम जोडलेलीच असायची, त्यामुळे तीही कुलूपबंद. डिफेंडरने त्या दिवशी त्याचं काम केलं असतं. बंद मी केला होता.

अप्पांकडे मग दोन्ही अँटिव्हायरस काढले, ते वेग वाढवणारंही काढलं. अपडेट चालू केले, कारण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या, अशाच फाइल कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने जगभर जे थैमान घातलं, ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. अप्पांसाठी साधं खातं केलं, नवीन काही टाकायला लागणारा अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. यावर थोडं वाजलं. "माझ्याच कॉम्प्युटरला मी परवानगी कुणाची मागू?" रास्त प्रश्न आहे, पण पासवर्ड दिला नाही. शिवाय त्यांचा विंडोज १०. त्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि इतक्या जुन्या मशीनवर ११ चढत नाही. वर्षभराची वाढीव मुदत घेतलीय, पुढच्या दिवाळीआधीच काहीतरी ठरवावं लागेल.

तरी त्यांना चैन नव्हतं. "पण मग याला राखण कुणाची?" म्हणून एक प्रयोग दाखवला. आयकार नावाची चाचणी आहे, फक्त ६८ अक्षरांची एक ओळ. कुणाला काही करत नाही, पण सगळ्या अँटिव्हायरसनी ती व्हायरस समजून पकडायची असं ठरलेलं आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकली आणि अप्पांनाच सेव्ह करायला लावलं. क्षणात कोपऱ्यात डिफेंडरची चौकट आली, धोका सापडला म्हणून, आणि फाइल उघडायला गेलं तर जागेवर नाही.

अप्पांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "परत कर."

चार वेळा केलं. पाचव्या वेळी शेजारच्या काकांना हाक मारून बोलावलं, बघायला. त्यांच्याही कॉम्प्युटरला व्हायरस झालेत म्हणे, सात.