जालन्याच्या सरांना, माझ्या जबड्याबद्दल

सर, नमस्कार. मी करून घेतलेल्या जबड्याच्या ऑपरेशनवर लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती पण तेव्हाच उत्तर द्यायला बसले असते तर काहीतरी वाकडंच लिहून बसले असते, म्हणून दोन दिवस गप्प राहिले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर जालना जिल्ह्यातले, रिटायर्ड शिक्षक. त्यांचं म्हणणं असं की ज्या भागात पोरी फी भरता येत नाही म्हणून शाळा सोडतात तिथं पावणेतीन लाख रुपये चेहऱ्यावर घालायचे, वर्षभर घरी बसायचं आणि वरून त्याला करिअर ब्रेक म्हणायचं, ही निव्वळ चैन आहे, हे नवीन फॅड आहे, देवानं दिलेला चेहरा चांगलाच होता की, आणि तुमचं वाचून उद्या चार पोरी नोकऱ्या सोडतील.

आधी जिथं तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. माझ्या लेखात मी पहिलं कारण लिहिलं होतं "चावायला त्रास". ते खोटं नाही पण अर्धंच खरं आहे. खालचा जबडा पुढं असल्यामुळं समोरचे दात एकमेकांवर बसत नव्हते, भाकरीचा तुकडा बाजूच्या दातानं तोडावा लागायचा, पण तीस वर्षं मी हुरड्यापासून चिक्कीपर्यंत सगळं खाल्लंच होतं की, उपाशी कुठं राहिले होते. मला जबडा मागं घ्यायचा होता तो चेहऱ्यासाठी. बारावीपासून फोटोत हनुवटीवर हात ठेवून बसणारी बाई आहे मी. चैन म्हणायचं असेल तर म्हणा, त्या शब्दावर मी भांडत नाही.

फॅड म्हणालात ते मात्र पटलं नाही. खालचा जबडा आतून दोन्हीकडं चिरून पुढंमागं सरकवायची ही पद्धत ऑब्वेगेसर नावाच्या सर्जननी १९५७ साली मांडली, वरचा न् खालचा दोन्ही जबडे एकाच बैठकीत १९७० च्या आसपास केले. म्हणजे तुम्ही नोकरीला लागायच्याही आधीची गोष्ट आहे ही. आपल्याकडं उशिरा ऐकू आली एवढंच.

आता "वर्षभर घरी बसून" वर येते, कारण खरं उत्तर तिथंच आहे. सर, तुम्ही कायम नोकरीत होता, तुमच्या खात्यावर दर वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा आपोआप जमा होत गेली असणार. मी तासिका तत्त्वावर, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात त्यावर, उदगीर भागातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. आम्हाला रजा नावाची गोष्टच नाही. तास घेतला तर त्या तासाचे पैसे, तापानं फणफणलात तर त्या दिवसाचे नाहीत. जुलै-ऑगस्टात इंटरव्ह्यू, मग ऑर्डर, मार्चअखेर तास संपले की आमचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं ते पुन्हा पुढच्या इंटरव्ह्यूपर्यंत, आणि झालेल्या तासांचं मानधन कधी दिवाळीला येतं तर कधी पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे करिअर ब्रेक मला दर वर्षी मिळतच होता, न मागता, बिनपगारी, चार महिन्यांचा. त्या चार महिन्यांत दरवर्षी मी लग्नांना जायचे न् पापड करायचे, यावेळी म्हटलं जबडा करून घेऊ. माझा सगळा प्लॅन म्हणजे एवढाच होता बघा.

कागदावर तो प्लॅन लई सुंदर होता. डिसेंबर २०२१ ला ब्रेसेस लावल्या. अक्कलदाढा लवकर काढून घेतल्या कारण त्या जागेचं हाड भरायला काही महिने द्यावे लागतात, जबडा चिरतात तो तिथंच. मग मार्च २०२३ ला तास संपले की एप्रिलात ऑपरेशन, हाड जुळायला साधारण सहा आठवडे, सूज बऱ्यापैकी उतरायला जून, आणि जुलैत नवीन तोंड घेऊन इंटरव्ह्यूला हजर. कुणाला काही सांगायची गरजच नाही.

झालं काय, तर दात तयार झालेच नाहीत. हे मी लेखात लिहायला पाहिजे होतं, लिहिलं नाही, ती माझी चूक, म्हणून आता सविस्तर सांगते. जबडा पुढं असला की दात वर्षानुवर्षं आपले आपणच अ‍ॅडजस्ट करून घेतात, खालचे आत कलतात, वरचे बाहेर झुकतात, काहीतरी करून एकमेकांना गाठायला बघतात. ऑपरेशनच्या आधी ब्रेसेसनं ह्या दातांना सरळ उभं करतात, म्हणजे जबड्यातला खरा फरक आहे तेवढा उघडा पडतो. थोडक्यात आधी तुमचा चेहरा आणखी बिघडवतात. २०२२ चं सबंध वर्ष मी आधीपेक्षा वाईट दिसत होते, आणि त्याच तोंडानं वर्गात उभी राहून बीएच्या पोरांना ओष्ठ्य आणि दंत्य व्यंजनं शिकवत होते, स म्हणताना हवा सुटायची, मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच सस्स करायचं. दर महिन्याला तार बदलायला एसटीनं लातूर, जाऊन येऊन सबंध दिवस (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तोपर्यंत माझ्या बहुतेक चकरा पूर्ण तिकिटावर होऊन गेल्या होत्या, नशीब एकेकाचं). आणि मार्चमध्ये डॉक्टर शांतपणे म्हणाले, मॅडम अजून सहा-सात महिने. मी तिथं खुर्चीवर तोंड उघडं ठेवूनच रडले, कारण तोंडात त्यांचा आरसा होता.

सहा-सात महिने म्हणजे ऐन सेमिस्टरच्या मधोमध. आता तुमचा मुद्दा, की असं करून विद्यार्थ्यांचं नुकसान होतं. जुलैत विभागप्रमुखांना मी विचारलं होतं की ऑर्डर घेऊ का, नोव्हेंबरात दोन महिने मला जावं लागेल. ते म्हणाले अर्ध्यातून जाणार असशील तर घेऊच नको, पोरांचे हाल होतात. मी न सांगता ऑर्डर घेऊ शकले असते, कितीतरी जण घेतात, नोव्हेंबरात आजारी पडले म्हणाले असते. नाही घेतली. माझे तास एका ज्युनियर पोराला मिळाले, त्यानं चांगले घेतले असं ऐकते. मग नुकसान कुणाचं झालं तेवढं सांगा.

पैशाचं पण सांगून टाकते कारण त्यावर तुमचा फार रोख आहे. शेत विकलं नाही, आप्पांकडून एक रुपया घेतला नाही. उदगीरात एका अकॅडमीत पोलीस भरती आणि तलाठीच्या पोरांना मराठी व्याकरण शिकवते, सहा वर्षांची ती कमाई न् एक भिशी. २०२३ ला तलाठी भरती निघणार म्हटल्यावर तर सकाळ-संध्याकाळ बॅचेस होत्या, तो उन्हाळा वाया गेला म्हणून मी रडत होते आणि त्याच उन्हाळ्यानं ऑपरेशनचा शेवटचा हप्ता दिला. इन्शुरन्सकडून काही मिळालं नाही. पॉलिसीत सरळ लिहिलेलं असतं की दिसणं बदलण्यासाठीची सर्जरी कव्हर होत नाही, अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तरच. जीएसटीचं पण असंच, उपचारावर कर नसतो पण कॉस्मेटिकवर १८ टक्के लागतो, जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर मात्र नाही. जबडा वेडावाकडा वाढणं हा वाढीतला दोषच, तेव्हा ज्या कुणाला करायचंय तिनं अ‍ॅडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्याला हे विचारावं आणि एस्टिमेट लेखी घ्यावं. भूल उतरल्यावर भांडायला तोंड उघडत नसतं.

नोव्हेंबरच्या शेवटी हैदराबादला ऑपरेशन झालं. उदगीरहून बिदर, विकाराबाद करत गाडी जाते, माय सोबत होती. ती गाडीत एकच वाक्य घोळवत होती, "तोंड कापून घ्यायला चाललीस न् डबा काय बांधून घेतलीस गं." छेद सहसा तोंडाच्या आतून असतात, मला बाहेर व्रण नाही, आत टायटॅनियमच्या पट्ट्या न् स्क्रू कायमचे. शुद्धीवर आले तेव्हा वरचे-खालचे दात रबरांनी एकत्र बांधलेले आणि तोंड एवढं सुजलेलं की मायनं आधी शेजारच्या बेडवरच्या बाईला हाक मारली. घरी आल्यावर सहा आठवडे पातळच. ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, खिचडी मिक्सरमधून काढून परत चाळणीतून, सिरिंजला रबराची नळी लावून गालाच्या आतून सोडायचं. नऊ किलो उतरले. येळवसला सातवा आठवडा चालू होता. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रिकामं होऊन शेतात जेवायला जातं. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं सगळे भज्जी न् उंडे ओरपायलेत आणि मी आंबिलीचा, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या पातळ ताकाचा, गडगा मांडीवर घेऊन बसलेली. चुलत्यानं विचारलं, "काहून गं, उपास धरलीस व्हय?" आंबील मात्र तीन ग्लास पिले, त्या दिवशी कळलं की आपला सण कुणीतरी जबडा मोडलेल्या माणसाचा विचार करूनच काढलेला आहे.

खरी अडचण जेवणाची नव्हतीच, बोलण्याची होती, आणि ज्याचं पोट बोलण्यावर आहे त्यानं ब्रेक मोजताना हाड किती आठवड्यांत जुळतं हे विचारू नये, तोंडातून नीट शब्द कधी निघतील हे विचारावं. खालच्या जबड्यातून ओठाकडं जाणारी नस ऑपरेशनमध्ये ताणली जाते, त्यामुळं ओठ न् हनुवटी बधिर होतात, बऱ्याच जणांना महिन्यांनी संवेदना येते, काहींना थोडी कायमची जाते, सही घेतात त्या फॉर्मवर हे लिहिलेलं असतं. मी रोज सकाळी आरशापुढं प, फ, ब, भ, म. सहा वर्षं पोरांना सांगत होते की दोन्ही ओठ मिटून एकदम सुटले की प होतो, आणि माझे ओठ मिटलेत का नाही हेच मला कळत नव्हतं, आरशात बघूनच ठरवायचं. "पपई" म्हणायला फेब्रुवारी उजाडला. तोपर्यंत अकॅडमीसाठी प्रश्नसंच टाइप करून देत होते, पानामागं पैसे, त्यावर मोबाईलचा रिचार्ज न् औषधं निघायची. ब्रेसेस निघाल्या त्या पुढच्या जूनमध्ये.

आणि तुम्ही म्हणता पोरी नोकऱ्या सोडतील. सर, ऑगस्ट २०२४ च्या इंटरव्ह्यूत काय झालं ते ऐका आणि मग ठरवा. पॅनेलनं बायोडाटा बघून विचारलं, मागच्या वर्षी गॅप कशाचा? बाई म्हटलं की गॅपची दोनच कारणं असतात, एक सर तर मी बोलायच्या आधीच हसून म्हणाले, "मुलगा का मुलगी?" मी म्हटलं जबड्याचं ऑपरेशन. दुसऱ्यांनी अगदी कळवळून विचारलं, अपघात झालता का? इथं हो म्हणायला काहीच लागत नव्हतं, मान हलवली असती तरी भागलं असतं. मी म्हटलं नाही सर, चेहऱ्यासाठी करून घेतलं. दहा सेकंद फक्त पंख्याचा आवाज. मग बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, जेवण वगैरे नीट जातं ना आता? बस, पुढचा प्रश्न संत साहित्यावर. ऑर्डर मिळाली, पण आधी आठवड्याला नऊ तास होते ते सहा झाले, तीन त्या ज्युनियर पोराकडंच राहिले आणि ते त्याच्या हक्काचेच आहेत. ह्या ब्रेकची माझ्या लेखी किंमत ही, आठवड्याचे तीन तास. पावणेतीन लाखापेक्षा मला हे जास्त लागलं, आणि नेमकं हेच मूळ लेखात नव्हतं म्हणून तुमचा राग झाला असेल तर तो रास्त आहे. तिथं आता सगळ्यात वर हे टाकलंय, एप्रिल ते नोव्हेंबर तारीख कशी घसरली त्याच्यासकट.

देवानं दिलेल्या चेहऱ्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. आप्पा पण तेच म्हणत होते, की माझ्या आईची हनुवटी होती तुझी, काढून टाकलीस. त्यांच्यासमोर माझ्याकडं उत्तर नव्हतं, तुमच्यासमोर तरी कुठून आणू.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, आता तरी समाधान झालं का. फोटोत हात हनुवटीवर जात नाही एवढं खरं. खालच्या ओठाचा डावा कोपरा अजून बधिरच आहे, चहा ओघळला तरी कळत नाही, म्हणून स्टाफरूममध्ये चहा घेताना दर घोटाला रुमालानं ओठ टिपते. एफवायच्या पोरींना वाटतं मॅडमची स्टाइल आहे, दोघीतिघींनी उचललीय पण.