स्वीकारल्याचा ईमेल आला की टाक

नांदेडहून भाचीचा मेसेज आला : "मावशी, हा पेपर काढून देशील का? तेहतीस डॉलर मागतायत." सोबत स्क्रीनशॉट. पेपर, म्हणजे शोधनिबंध, माझाच होता, तीन वर्षांपूर्वीच्या एका परिषदेतला. माझ्या लॅपटॉपवर तो पडून होता आणि माझ्याच भाचीला त्यावर कुलूप दिसत होतं. फार वाईट वाटलं.

तिकडे भारतात सगळी चर्चा 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ची, म्हणजे सरकारनेच वर्गणी भरून संशोधन नियतकालिकं वाचायला देण्याच्या योजनेची. तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलंच झालं. पण पहिल्या टप्प्यात ही सोय सरकारी संस्थांपुरती आणि भाचीचं कॉलेज खासगी. इथे जर्मनीत २०१४पासून कायदा लेखकाच्या पाठीशी आहे : संशोधनाचा निदान निम्मा पैसा सरकारी असेल, तर करारात काहीही असो, बारा महिन्यांनी स्वीकृत मसुदा, म्हणजे दुरुस्त्या होऊन स्वीकारलेला पण प्रकाशकाने मांडणी न केलेला पेपर, खुला करता येतो. मात्र प्रकाशन वर्षातून किमान दोनदा निघणारं हवं. वर्षातून एकदाच होणाऱ्या परिषदांचे पेपर त्यातून निसटतात. म्हणजे इथेही लेखकालाच करार वाचावा लागतो. आणि वाचला तर कळतं, आयईईई ही अभियंत्यांची संघटना आणि मोठी प्रकाशकसुद्धा स्वीकृत मसुदा 'आर्काइव्ह'वर (arXiv), म्हणजे १९९१पासून चालू असलेल्या मोफत भांडारात, ठेवू देते.

पण ठेवायचा कधी? भाचीचे गाईड तिच्या पेपरबद्दल म्हणतात, छापून येईपर्यंत कुणाला दाखवू नकोस, कुणीतरी उचलेल. मला हे पटत नाही. भांडारात तारखेसकट नोंद होते, चोरी पकडायला तीच उपयोगी पडते.

तरीही पेपर पाठवण्याआधी टाक, असंही मी म्हणणार नाही. डब्ल्यूएसडीएम २०१७ या संगणकशास्त्रातल्या परिषदेतल्या प्रयोगात, लेखकांची नावं दिसणाऱ्या परीक्षकांनी नामांकित लेखकांना आणि विद्यापीठांना झुकतं माप दिलं होतं. माझ्या क्षेत्रातली, म्हणजे संगणकीय भाषाविज्ञानातली, संघटना एसीएल पेपर पाठवायच्या महिनाभर आधीपासून निकालापर्यंत तो नावानिशी जाहीर करू देत नसे. २०२४मध्ये ही अट काढली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. मोठ्या प्रयोगशाळेचा पेपर निकालाआधीच गाजतो. नांदेडच्या मुलीला मात्र झाकलेल्या नावाचाच आधार असतो.

म्हणून तिला सांगितलं : स्वीकारल्याचा ईमेल आला की परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कर आणि टाक. परिषदेची वाट बघू नकोस, तिथे तिकीट आणि व्हिसा जमलेलेच पोचतात.

रविवारी माझे जुने सात पेपर काढून बसले. पाच खुले करता आले, भाचीला लिंक पाठवली. उरलेल्या दोन पेपरांसाठी प्रकाशकाला परवानगीचं पत्र लिहिलंय.