न झालेल्या रिअ‍ॅक्शनचाही हिशेब लागायला हवा

गोपनीयतेच्या करारामुळे आमच्या, म्हणजे औषध कंपन्यांसाठी रेणू बनवून देणाऱ्या रसायनतज्ज्ञांच्या (केमिस्टांच्या), कामातले रेणू, त्यांच्या रचना आणि ग्राहक कंपन्यांची नावे यांबद्दल मला इथे एक अक्षरही लिहिता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. मला लिहायचे आहे ते या कामाचे मोजमाप कसे होते याविषयी. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या कंत्राटी संशोधनाच्या प्रयोगशाळांत मुंबईहून रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा करणारी एम.एस्सी. झालेली पुष्कळ मुले-मुली काम करतात. त्यांच्या कामाचा मोठा भाग कुठल्याच अहवालात धड उतरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काम साधारण असे असते. औषध कंपनी एका रेणूची रचना पाठवते आणि तो अमुक ग्रॅम, एचपीएलसीवर (शुद्धता मोजण्याच्या यंत्रावर) अमुक टक्के शुद्ध, अमुक तारखेपर्यंत हवा असे सांगते. मग तो बनवण्याचा सात-आठ टप्प्यांचा मार्ग आखला जातो. आठही टप्प्यांत 80 टक्के यील्ड (अपेक्षित मालापैकी प्रत्यक्ष हाती आलेला वाटा) मिळाले, आणि ते चांगलेच म्हणायचे, तरी शेवटी हाती सुमारे 17 टक्केच उरतात. त्यातला एकच टप्पा 50 टक्क्यांवर अडला तर तो आकडा साडेदहाच्या आसपास येतो. म्हणूनच मधला एखादा टप्पा अडला की सुरुवातीचा माल पुन्हा पहिल्या टप्प्यापासून करून आणावा लागतो आणि ठरलेली तारीख मात्र जागची हलत नाही.

या अडलेल्या टप्प्यांवर केमिस्टचे खरे दिवस जातात. ब्यूटिल लिथियम या पाण्यापुढे न टिकणाऱ्या अभिकर्मकाची रिअ‍ॅक्शन घ्या. काचेची भांडी ओव्हनमध्ये तापवून, नायट्रोजनखाली थंड करून, ड्राय आइस आणि अ‍ॅसिटोनच्या बाथमध्ये उणे 78 अंशांवर फ्लास्क बसवायचा आणि सुईने थेंबथेंब अभिकर्मक सोडायचा. जुलै महिन्यात मुंबईची हवा पाण्याने जड झालेली असते. फ्लास्क बाथमधून जरा वर उचलला तरी काचेवर पांढरा बर्फ धरतो, आणि तेवढाच ओलावा आत शिरला तर अभिकर्मक पाण्याशीच संपून जातो. पंधरा मिनिटांनी नमुना काढून टीएलसी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ प्लेटवर वेगळे करून पाहण्याची चाचणी, करायची. 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली हिरव्या प्लेटवर स्टार्टिंग मटेरियलचा, म्हणजे मूळ पदार्थाचा, गडद स्पॉट होता तिथेच दिसला, तर कारण ओलावा, तापमान, बाटलीतल्या अभिकर्मकाची घटलेली ताकद की खुद्द रेणूचा स्वभाव, हे एकेक करून तपासावे लागते. पेटंटमध्ये छापलेली कृती जशीच्या तशी करूनही तिथले यील्ड मिळत नाही, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाच्या गाठीशी आहे.

अशा दोन आठवड्यांच्या खटाटोपातून जे कळते, ते अहवालात ‘प्रयत्न केला, रूपांतर झाले नाही’ एवढ्या एका ओळीत मावते. माझा आक्षेप नेमका या ओळीला आहे. अभिकर्मक उणे 40 वर सोडल्यास रेणूतला बाजूचा एस्टर हा गट फुटतो, सोडियमऐवजी लिथियमचा बेस (आम्लारी) घेतला तर चुकीचा आयसोमर (तेच अणू, पण वेगळी मांडणी) वाढतो, शुद्धीकरणाच्या कॉलमवर त्यात भरलेल्या सिलिकामुळेच पदार्थ विघटित होतो आणि म्हणून सिलिका आधी ट्रायएथिलअमीनने धुवावी लागते: ही माहिती पैसे आणि वेळ खर्चून मिळवलेली असते. पुढच्या वर्षी त्याच जातीचा रेणू शेजारच्या हूडवर (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कामाच्या कपाटावर) आला, तर तिथला केमिस्ट तीच वाट पुन्हा चालतो.

याचे मूळ मला करारांच्या पद्धतीत दिसते. जिथे ग्राहक केमिस्टच्या पूर्ण वर्षाच्या वेळेचे पैसे देतो, म्हणजे ज्याला आम्ही एफटीई म्हणतो, तिथे निदान वेळ मोजला जातो. फसलेल्या रिअ‍ॅक्शनवर ग्राहकाशी संध्याकाळच्या कॉलवर मोकळेपणाने बोलता येते, आणि चांगला ग्राहक ते ऐकूनही घेतो. जिथे पैसे केवळ माल पोहोचल्यावर मिळतात, तिथे फसलेल्या प्रयोगाला किंमतच नसते. मग टीम लीडरपासून सगळ्यांचा कल तो लवकर मागे टाकण्याकडे असतो आणि नव्या मुलाला ‘नाही झाली’ हे सांगायचीही भीती वाटू लागते. ही भीती मला सर्वांत घातक वाटते, कारण ती मनात असलेला माणूस रात्री उशिरा, हूडवर एकटा, पेट घेऊ शकणाऱ्या सोडियम हायड्राइडची रिअ‍ॅक्शन घाईने क्वेंच करायला, म्हणजे उरलेला अभिकर्मक निकामी करून थांबवायला, जातो.

ग्राहकाला माल हवा असतो, आमचा इतिहास नको असतो, असे व्यवस्थापनातले मित्र म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण फसलेल्या प्रयोगाची पूर्ण नोंद ग्राहकासाठी जितकी हवी तितकीच आपल्यासाठीही हवी. करारात राहूनही, रेणूची रचना न सांगता, कोणत्या जातीची रिअ‍ॅक्शन कोणत्या परिस्थितीत का अडली एवढे प्रयोगशाळेत आपापसांत सांगण्याची मुभा आधीच मागून घेता येते. महिन्यातला एक तास त्यासाठी राखून ठेवला, तर कुठलीही कंपनी बुडत नाही. आणि वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर पोहोचवलेल्या ग्रॅमांच्या रकान्याशेजारी, अडलेल्या टप्प्याचे कारण शोधून सिद्ध केल्याचाही रकाना असावा.

माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून किंवा शहरातल्या इतर महाविद्यालयांतून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मुलाखतीत पगार आणि बसची सोय विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा की तुमच्याकडे रिअ‍ॅक्शन फसली की तिची नोंद किती तपशिलाने होते, ती कोण वाचतो, आणि संध्याकाळी सातनंतर हूडवर एकट्याला थांबू देतात का.