बारा सीसींचं वाढीव बांधकाम

आमची २००४ची मारुती ८०० वर्षभर पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त पीत होती. मागून निळा धूर निघायचा आणि धुरामागून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. मिस्त्रीनं इंजिनचं हेड उतरवलं, बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, नख फिरवलं आणि म्हणाला, "बोअरिंग." म्हणजे झिजलेलं भोक किंचित मोठं कापायचं आणि त्यात तेवढेच मोठे, ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे. सगळं मिळून २३ हजार. गाडी विकली तर २५ येतील, तेही टाकी फुल करून दिली तर. मग नाना पेठेत चार दुकानं घासाघीस करत फिरलो, स्वस्तातलं गास्केट किट उचललं, वॉटर पंप जुनाच ठेवला आणि आकडा साडेअठरावर आणला. टायमिंग बेल्टही जुनाच चालवू म्हटलं, तर मिस्त्री म्हणाला, "चालवा. मग मला फोन नका करू."

परवा गाडी आणायला गेलो, तर तिथे स्टुलावर एक काका. स्कूटरचा आरसा बसवायला आलेले. आरसा कधीच बसला होता, काका अजून बसलेले.

"किती ओव्हरसाइज टाकलास?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"०.५० मिलिमीटर."

"म्हणजे ६८.५चा बोअर ६९ झाला. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७२. थांब." माझ्या हातातलं बिल घेऊन त्यांनी पाठीमागे गणित मांडलं. बावीस सप्तमांश, भागिले चार, व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले तीन सिलिंडर. मोबाइल पुढे केला तर हात झटकला. हातचे घेत, ओठ हलवत पाच मिनिटं गेली. मिस्त्रीसुद्धा पाना धरून उभा.

"८०८! मुळात ७९६ होतं. नाव ८००, माल चार सीसी कमी. आज कुठे तुझी गाडी नावाला जागली!"

मी मोबाइलवर बघून म्हटलं, "८०७.७ येतंय."

"बावीस सप्तमांशानं तेवढा फरक पडतोच," काका दुखावून म्हणाले. मग एकदम आवाज खाली आणून, "आरसी बुकात काय लिहिलंय?"

"७९६."

"मग? गॅलरी बंद करून खोली काढली तर महापालिकेला कळवतोस ना?"

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीही कळवलेलं नाही, पण ते सांगायची ही जागा नव्हती.

खरं सांगतो, आरसीचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. १५ वर्षांच्या पुढच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण २०१९ला ६०० रुपयांत झालं होतं. एप्रिल २०२२पासून फी ५००० झाली, म्हणून २०२४ला तेवढे मोजले. माझ्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढे! आणि समोर तो डंपर काळे ढग सोडत जातोय, त्याला कोणी विचारत नाही. जुनी वस्तू रिपेअर करून वापरणारा माणूस या देशात संशयितच.

असो. निघताना मिस्त्रीनं बजावलं, पहिले हजार किलोमीटर जपून, गाडी पळवायची नाही. चाळिसानं निघालो. पुलावर एका सायकलवाल्यानं मला ओलांडलं आणि वळून पाहिलं. पाठोपाठ काकाही स्कूटरवरून गेले, नव्या आरशात माझ्याकडे बघत.

घरी आल्यावर लक्षात आलं, बिल त्यांच्याच खिशात गेलं. सहा महिन्यांची गॅरंटी मिस्त्रीनं त्याच बिलावर लिहून दिली होती.